लिहून देणार, लिहून घेणार

लिफ्टच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची आडवी टाकलेली आहे. म्हणजे आज जिना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच रांगेचं शेपूट लागतं. हातात फाइली घेतलेली माणसं भिंतीला पाठ लावून आम्हाला वर जायला वाट देतात आणि देता देता प्रत्येक जण विचारतो, ‘टोकन आहे का?’ मार्चचे शेवटचे दिवस. एक एप्रिलपासून रेडी रेकनर वाढणार अशी हवा आहे, त्यामुळे पुण्यात आणि हवेली तालुक्यात ज्याचा ज्याचा म्हणून दस्त रखडला होता, तो आज दुय्यम निबंधकाच्या दारात उभा आहे. खालच्या टपरीवरचा चहा संपलाय. झेरॉक्सवाल्याचं मशीन तापून बंद पडलंय आणि तो त्याच्यावर वर्तमानपत्राने वारा घालतोय.

सिस्टर माझ्यापुढे दोन पायऱ्या. नाव माहीत आहे, पण आईच्या आजारपणात रात्रपाळीला ती असायची तेव्हापासून तोंडात सिस्टरच बसलंय. आज तिचं घर होतंय. धायरीत, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली नि स्वयंपाकघर. जुन्या इमारतीतला रिसेलचा फ्लॅट, ३१ लाखांचा. दस्ताच्या शेवटी जो मजकूर असतो, की ‘खालील इसम’ पक्षकारांना व्यक्तिशः ओळखतात आणि त्यांची ओळख पटवितात, त्या मजकुराखाली सही करायला मी आलेय. बाईमाणूस असले तरी आज मी इसम आहे.

वर हॉलमध्ये बाकं भरलेली. भिंतीवरच्या पडद्यावर ३३ नंबर अडकून पडलाय. आमचा ४२.

‘सर्व्हर स्लो आहे,’ सिस्टरचे कागद करणारा तरुण वकील येऊन सांगतो. पावसाची बातमी द्यावी तसं सांगतो. मग आवाज खाली आणतो. ‘एक घोळ आहे. आधारवर मधलं नाव मिस्टरांचं आहे, पॅनवर वडिलांचं. बँकेने पॅनप्रमाणे घेतलंय.’

‘मग?’

‘उर्फ टाकलंय. दोन्ही नावं येतील.’

सिस्टर मान हलवते. मिस्टर अकरा वर्षांपूर्वी गेले. म्हणजे वारले नाहीत, गेले. फारकत झालेली नाही; संमतीने घ्यायची तर समोर माणूस लागतो. ज्या माणसाने तिला एक उशीसुद्धा ठेवली नाही, त्याचं नाव ३१ लाखांच्या दस्तात ‘उर्फ’ला टेकून उभं राहणार आहे.

मधल्या काळात तिने सहा घरं बदलली. सगळी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. तिने मला एकदा प्रश्नांचा क्रमच सांगितला होता. आधी, ‘एकट्याच का?’ मग, ‘ड्यूटी रात्रीची असते?’ हे दोन्ही ओलांडले की तिसरा प्रश्न आडनावाचा. तिथे बरेच फोन संपतात. जे आडनाव ऐकूनही फोन ठेवत नाहीत, ते म्हणतात, ‘आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीत मटणाचं चालत नाही.’ सिस्टर अंडंसुद्धा खात नाही. हे तिने एकालाही सांगितलं नाही. ‘कशाला सांगू,’ म्हणाली होती, ‘आडनाव थोडंच शाकाहारी होणारे?’

तर भाड्याचं मिळत नाही म्हणून विकतचं. ऐकायला उलटं वाटतं, पण शहरात असं घर घेणाऱ्या बायका मी आणखीही पाहिल्यात. फक्त ज्यांना भाड्याने मिळत नाही, त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या हातात विकत घेण्याइतकं असतं. सिस्टरच्या हातात आईच्या पाटल्या होत्या. त्या मोडल्या. वय त्रेचाळीस, निवृत्ती साठाला, म्हणून बँकेने सतरा वर्षांचं कर्ज दिलं आणि फॉर्मवर ‘सहकर्जदार’ या रकान्यापाशी तिथल्या मुलीने पेन थांबवून विचारलं होतं, ‘हजबंड?’

३५ नंबर लागतो.

शेजारच्या बाकावर तिघी बहिणी आहेत. बहिणी आहेत हे सांगावं लागत नाही. तिघींची हनुवटी एकच आहे. थोरली पासष्टीच्या पुढची, नऊवारी. मधली गुडघे चोळत बसलेली. धाकटी पन्नाशीची असेल, गळ्यात काही नाही, डोक्याला चापून लावलेलं तेल. समोर भाऊ उभा, पांढऱ्या शर्टात. त्याच्या मुलाच्या बोटात गाडीची किल्ली फिरतेय. भावाच्या पायाशी कापड दुकानाची मोठी पिशवी आहे आणि तिच्यातून तीन साड्यांच्या कडा दिसतात. रंग वेगळे, काठ एकच.

साड्या पाहिल्या की दस्त वाचायची गरज उरत नाही. हक्कसोड.

वाघोलीच्या पलीकडचं गाव. गावठाणातलं घर, मागचा गोठा, आणि रस्त्याला लागून बावीस गुंठे. बिल्डरच्या वकिलाने सांगितलंय की बहिणींच्या सह्या आल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. हे भाऊच मला सांगतो, मी विचारलेलं नसताना. ‘आमच्यात तसं काही नाही,’ तो म्हणतो, ‘बहिणी कधी काही मागणार नाहीत. पण आता कायदा आलाय ना.’

कायदा आलाय खरा, पण या बाकावरच्या तिघींपर्यंत तो एकदम आला नाही, हप्त्याहप्त्याने आला. बापाच्या स्वतःच्या वाट्यातला तुकडा मुलीला १९५६ पासून होता. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीने जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राच्याही आधी. मात्र ज्यांची लग्नं तोवर झाली होती त्यांना वगळून. थोरलीचं लग्न १९७९ चं, मधलीचं १९८८ चं. दोघी बाहेर. धाकटी तेव्हा बिनलग्नाची, म्हणून आत. एकाच घरातल्या, एकाच आईच्या. मग २००५ च्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली आणि तिघी आत आल्या. तरी शंका राहिली, कारण वडील २००१ मध्येच वारले होते. ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये, विनीता शर्मा खटल्यात, मिटवली. बाप हयात असो नसो, मुलगी हिस्सेदार. असं चौसष्ट वर्षं दार किलकिलं होत होत उघडलं आणि ते पुरतं उघडल्यावर पहिली गोष्ट काय झाली, तर तिघींना गाडीत घालून इथे आणलं. पूर्वी त्यांना कुणी विचारत नव्हतं. आता सही लागते.

या सहीला सरकारी मुद्रांक पाचशे रुपये. ऑक्टोबर २०२४ पर्यंत दोनशेत व्हायचं.

थोरलीला या सगळ्यात काही वावगं वाटत नाही. ती मला माझं गाव विचारते, मुलं विचारते, मग स्वतःहून म्हणते, ‘अण्णानं आईचं सगळं केलं. शेवटची तीन वर्षं अंथरुणात होती. आमी काय, दोन दिवस येणार नि रडून जाणार.’ याला उत्तर नाही. हक्कसोडीवर लेख लिहिणारी माझ्यासारखी माणसं ही बाजू घाईने ओलांडतात. आईचं केलं ते अण्णाच्या बायकोने, हे मी मनात म्हणते. आणि तिचंही नाव त्या घराच्या उताऱ्यावर नसणार, हेही.

३६. ३७. सर्व्हर जरा उठलाय.

खिडकीजवळ एक जोडपं नि आजी. बाणेरचा नवा फ्लॅट, एक कोटी दहा लाखांचा; आकडे ते मोठ्याने बोलतायत, तेव्हा कान देण्याचा प्रश्न नाही. बायको मांडीवर लॅपटॉप घेऊन कुठल्याशा मीटिंगला ‘यस, यस’ करतेय. त्यांचा एजंट समजावतोय: मॅडमच्या एकटीच्या नावावर ठेवलं तर मुद्रांकात एक टक्का सुटतो. २०२१ च्या महिलादिनी अर्थसंकल्पात ही सवलत आली, राजमाता जिजाऊंच्या नावाने. पुणे शहरात पुरुषाला सात टक्के, बाईला सहा. अट एवढीच की घेणाऱ्या सगळ्या बायकाच हव्यात. नवऱ्याचं नाव सोबत आलं की सूट गेली. पूर्वी पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशीही अट होती, ती २०२३ मध्ये काढली.

‘एक लाख दहा हजार वाचतात, सर,’ एजंट म्हणतो.

‘घरातलंच आहे म्हणा,’ नवरा म्हणतो.

आजी बोलत नाहीत. पदर नीट करतात. मग खिडकीबाहेर बघत म्हणतात, ‘सगळंच तिच्या नावावर?’

एवढंच. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकतं. तो बायकोकडे बघतो. तिच्या कानात इअरफोन आहेत. तो एजंटला बाजूला घेतो. थोड्या वेळाने मोबाइलवर फरकाच्या रकमेचं चलन भरलं जातं, एजंट दस्त काखोटीला मारून खाली टायपिंगवाल्याकडे पळतो आणि त्यांचं टोकन हुकतं. बायको इअरफोन काढून विचारते, ‘काय झालं?’ ‘काही नाही,’ नवरा म्हणतो, ‘जॉइंट करतोय. तेच बरं.’ ती खांदे उडवते. हप्त्यातला निम्मा तिच्या पगारातून जाणार आहे, त्यामुळे जॉइंट हे चूक नाही, उलट तेच रास्त आहे. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावायची ‘घर दोघांचे’ मोहीम याच राज्यात चालली होती. पण शहरातल्या सवलतीला दोघांचं घर दिसत नाही. तिला एकतर त्याचं दिसतं, नाहीतर तिचं. आणि या कुटुंबाने आत्ता माझ्या डोळ्यांदेखत एक लाख दहा हजार रुपये मोजून दोन नावांमधला ‘व’ विकत घेतलाय.

मी हॉलमधली डोकी मोजायला लागते. ही खोड आहे माझी. बायका बऱ्याच दिसतात. पण कुणी साक्षीला, कुणी संमती द्यायला, कुणी पोर सांभाळायला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं होतं, घर किंवा जमीन तुमच्या नावावर आहे का, एकटीच्या वा सामाईक. देशात शंभरातल्या ४३ जणी हो म्हणाल्या. महाराष्ट्रात २३. आधीच्या फेरीत इथला आकडा ३४ होता. पुरोगामी वगैरे म्हणवणाऱ्या राज्याचा हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक समजले होते. आज या बाकावर बसल्यावर नवल वाटत नाही.

माझ्या आत्याचं नाव त्या हो म्हणणाऱ्यांत बसलं असतं, वय आडवं आलं नसतं तर. निफाडकडची. १९८६ ला चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती, आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली तेव्हा काकांनी दोन एकर तिच्या नावावर केले. गावातल्या शंभर घरांनी बायकांच्या नावावर जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. काका म्हणायचे, ‘आमचा नंबर त्र्याण्णवावा होता, सात जणांसाठी मला बायकोनं दारोदार फिरवलं.’ आत्या गेली तेव्हा सातबारा तिच्या साडीच्या घडीत सापडला. आता त्या दोन एकरांवर तिच्या दोन मुलांची नावं आहेत. मुलगी आहे एक. तिने सोडलं.

‘ताई, तुमचं कितीला बसलं?’

धाकटी सिस्टरला विचारतेय. कधी सरकून आमच्या बाकावर आली कळलंच नाही.

‘एकतीस.’

‘लाख?’

‘हो मावशी. वर स्टँपचे एक लाख शहाऐंशी. आणि नोंदणीचे तीस हजार.’

धाकटी ओठ हलवत काहीतरी जुळवते. ‘आमच्याकडं रस्त्याला गुंठा तेवढ्यालाच जातो,’ ती म्हणते. मग गप्प. बावीस गुंठे, चार भावंडं. हा भागाकार तिने आज पहिल्यांदा केलेला नसणार.

सिस्टर तिच्याकडे बघते. नर्सेस पेशंटकडे बघतात तसं, थेट. ‘मावशी, तुम्ही कुठं राहता?’

‘मांजरीला. खोली हाय भाड्याची. मालक गेले तवापासून कॅन्टीनला जाते, भांड्यावर.’

‘मग सही कशाला करताय?’

मी सिस्टरच्या कोपराला हात लावते. पण धाकटी रागावत नाही. भावाकडे एकदा बघून घेते. तो मुलाशी बोलतोय. ‘पोरीचं लग्न व्हायचंय,’ ती म्हणते. ‘मांडवात मामा नको का पाठीशी? लोक काय म्हणतील, हिनं जमीन घेतली नि मामा घालवला. जमीन काय बोहल्यावर उभी राहती?’

सिस्टरचं तोंड उघडतं आणि मिटतं. तिच्या पाठीशीही कुणी नाही, पण तिला बोहल्याचा हिशेब करायचा नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि बाक एकच आहे.

४१.

तिघी उठतात. दार उघडंच आहे, म्हणून आतलं दिसतं. दुय्यम निबंधक बाई आहेत. चष्मा कपाळावर, बाजूला डबा तसाच. ऑपरेटर मुलगा कीबोर्डवरून मान वर न करता नावं पुकारतो: लिहून देणार एक, लिहून देणार दोन, लिहून देणार तीन. लिहून घेणार एक. दस्तात काय आहे ते तो भरभर म्हणतो. ‘माया व प्रेमापोटी’, ‘राजीखुशीने’, ‘बिनमोबदला’ एवढे शब्द कानावर येतात. बिनमोबदला हा शब्द पंख्याखाली दोनदा ऐकू येतो.

‘दस्त वाचला का?’ निबंधक बाई विचारतात. त्यांनी आज हे चाळीस वेळा विचारलेलं आहे. तरी धाकटीपाशी त्या चष्मा डोळ्यांवर घेतात. ‘मावशी, कुणाची जबरदस्ती नाही ना?’

भाऊ खाली बघतो. मुलाच्या बोटातली किल्ली थांबते.

‘नाही,’ धाकटी म्हणते.

थोरलीचा डावा अंगठा पहिल्या फटक्यात उमटतो. मधलीचा दुसऱ्या. धाकटीचा पहिल्या. वेबकॅम, फोटो, सह्या. घड्याळात मी बघितलं नसतं तर बरं झालं असतं. सात मिनिटं लागतात.

बाहेर आल्यावर भाऊ पिशवी उघडून एकेकीच्या हातात साडी देतो. थोरलीच्या पाया पडतो. थोरली त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडते आणि रडते, आणि ते रडणं खोटं नाही, हे मी इथे नोंदवून ठेवते. मग तो नि मुलगा गाडी काढायला खाली जातात. दोघी म्हाताऱ्या कठड्याला धरून जिना उतरायला लागतात. धाकटी मागे राहते. तिचं आधार कार्ड झेरॉक्सच्या गठ्ठ्यात गेलंय, ते हवंय.

४२.

आता आम्ही आत. विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, मुलाकडे नाशिकला चाललेत. पैसे मिळाले? मिळाले. बँकेचा चेक? हा. मी सही करते, इसम क्रमांक एक. सिस्टर सही करते, पान पान उलटून, प्रत्येक पानावर, आणि दस्ताची पानं बरीच आहेत.

‘डावा अंगठा.’

सिस्टर अंगठा ठेवते. यंत्र लाल होतं.

‘पुसून ठेवा.’

लाल.

‘दाबू नका एवढा.’ लाल. ‘जरा तिरका.’ लाल. ऑपरेटर पहिल्यांदा मान वर करतो. ‘मॅडम, काय करता तुम्ही? रेघाच नाहीयेत.’

‘नर्स आहे,’ सिस्टर म्हणते. ‘दिवसातून पन्नासदा हात धुतो आम्ही.’

मागे ४३ नंबरवाले कुजबुजायला लागलेत. वकील म्हणतो, दुसरं बोट घेऊन बघू का. निबंधक बाई म्हणतात, आधी अंगठा घ्या, होईल. सिस्टर अंगठ्यावर फुंकर घालते, ओढणीला पुसते, पुन्हा ठेवते. लाल. सतरा वर्षांच्या हप्त्यांनी हलली नाही, तिच्या कपाळावर आता घाम दिसतो.

‘केसावर घासा,’ दारातून आवाज येतो. धाकटी. हातात आधार कार्ड, काखेत साडी. ‘तेल लागलं की उठतो. रेशनला माझा उठत नाही, मी तसंच करते.’

सिस्टरचे केस सकाळीच धुतलेले, कोरडे, क्लिपमध्ये. ती घासते. लाल.

‘थांबा.’ धाकटी सरळ आत येते. ऑपरेटर ‘मावशी, तुमचं झालंय’ म्हणतो, तिकडे ती बघत नाही. सिस्टरपाशी येऊन मान खाली करते. ‘माझ्या डोक्याला पुसा. भरपूर लावलंय सकाळी.’

सिस्टर घुटमळते. मग तिच्या भांगाच्या बाजूने, कानाच्या वर, अंगठा एकदा फिरवते, मुलीचे केस सारखे करावेत तसा. आणि यंत्रावर ठेवते.

हिरवं.

‘इकडे बघा,’ ऑपरेटर वेबकॅम वळवून म्हणतो. फोटो निघतो.

दाराबाहेर प्रिंटची वाट बघत आम्ही तिघी भिंतीला टेकतो. धाकटी विचारते, ‘किती खोल्या?’

‘एक. आणि किचन.’

‘ग्यालरी?’

‘आहे. छोटी. कुंड्या बसतील दोन.’

‘तुळस ठिवा,’ ती म्हणते. मग सिस्टरचं नाव तिने आत ऐकलेलं आठवतं बहुतेक, आणि ती स्वतःच दुरुस्त करते, ‘न्हाईतर मोगरा.’

खालून गाडीचा हॉर्न वाजतो. एकदा, मग लगेच पुन्हा. धाकटी साडी या काखेतून त्या काखेत घेते आणि भराभर जिना उतरायला लागते.